खिचडी उतरल्यावर अडवा

हडपसरच्या पुढे एका बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांचं पाळणाघर चालवणाऱ्या एक ताई होत्या. या हकिगतीत मी कोणाचंच नाव लिहिणार नाही, त्यांचंही नाही. पण आधी उल्लेख त्यांचाच. माझी नोकरी डाग न लागता संपली आणि पेन्शन वेळेवर सुरू झाली, ती त्यांच्यामुळे. पोलिसाने निवृत्तीनंतर आपण काय केलं ते सांगावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मला मात्र हा गुन्हा आठवतो तो दुसऱ्याने माझ्यासाठी काय केलं यासाठी.

मी मूळचा नंदुरबारकडचा. नववीत शाळा सुटली. त्या काळी शिपायाच्या भरतीला तेवढं चालायचं. पुण्यात आलो आणि इथेच राहिलो. घर मात्र अजून गावाकडेच आहे, निवृत्तीनंतर तिकडे परतायचं ठरलेलं होतं. शिपायाचा सहायक फौजदार झालो, पण पंचनामा लिहायला बसलो की शेवटच्या वर्षापर्यंत हात अडखळत असे. बरोबरची नवी मुलं पदवीधर, कॉम्प्युटरवर फटाफट टाइप करणारी. आपलं काही चुकलं तर सांभाळून घ्यायला या शहरात आपलं कोणी नाही, ही धास्ती कायम मनात असायची.

टाळेबंदीचे दिवस होते. शाळा, अंगणवाड्या बंद. मुलांना शिजवलेला आहार देणं थांबलं आणि तांदूळ, डाळ पिशवीत घालून पालकांच्या हाती द्यायची पद्धत सुरू झाली. ज्यांच्या घरी चूल पेटत होती त्यांचं त्यावर भागलं. पण आयटी कंपनीच्या अर्धवट इमारतीखाली पत्र्याच्या शेडमध्ये अडकलेल्या मजुरांकडे ना गॅस होता, ना रॉकेल. काम बंद पडल्यावर त्यांच्यातले काही जण दवाखान्यात सफाईला, काही सोसायट्यांवर पहाऱ्याला जाऊ लागले होते. त्यांची मुलं दिवसभर ताईंकडे. म्हणून ते पाळणाघर ज्या संस्थेचं होतं तिला तिथे रोज दुपारी शिजलेली खिचडी पोचवायची खास परवानगी मिळाली. संस्थेचा पांढरा टेम्पो यायचा. काचेवर कागद: 'अत्यावश्यक सेवा, बालकांचा आहार'. आमच्या नाकाबंदीवर तो कोणी तपासत नसे. लहान मुलांचं अन्न कशाला उघडायचं, त्यात रोगाची भीती. सगळ्यांनाच ते पटत होतं.

एके दिवशी मी ठाणे अंमलदार म्हणून बसलो असताना टेबलावरचा फोन वाजला. बाईचा आवाज.

"खिचडीचा पांढरा टेम्पो येतो ना, त्यात दारू असते. बघा जरा."

"आपण कोण बोलताय?"

"ते नका विचारू. आणि एक करा साहेब. खिचडी उतरल्यावर अडवा. आधी नाही. पोरं ताटल्या घेऊन बसलेली असतात."

फोन ठेवला गेला. दारूची दुकानं बंद होती आणि बाटलीला लोक मागेल ती किंमत मोजत होते, त्यामुळे खबर खोटी वाटली नाही. मी वरिष्ठ साहेबांना सांगितलं, अटीसकट. साहेब मूळचे सदाशिव पेठेतले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "वा. म्हणजे आरोपीला कधी पकडायचं ते आता खबरी ठरवणार. आपण जेवूनच निघू मग सगळे."

मी म्हणालो, "साहेब, नाक्यावर अडवला तर पंचनाम्यात दोन तास जातील. खिचडी मुद्देमालात अडकेल. आणि एवढं बजावून सांगणारी बाई खोटं बोलत नसावी."

"डायरीला काय लिहिणार? खबरीच्या अटी?" साहेब म्हणाले. "निनावी फोन आला, एवढंच लिहा. बाकीचं तुमच्या जबाबदारीवर."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः नाक्यावर उभा राहिलो आणि टेम्पोला हात करून जाऊ दिलं. मग एका शिपायाला घेऊन साध्या कपड्यांत मोटरसायकलवरून मागे गेलो. पाळणाघर म्हणजे रस्त्याला लागून बांधलेली विटांची खोली. टेम्पो भिंतीला चिकटून आडवा लागला, त्यामुळे मधलं काही आम्हाला दिसलं नाही. भांड्यांचे आवाज आले, मुलांचा गलका आला. टेम्पो निघाला तो परत संस्थेच्या स्वयंपाकघराकडे न जाता एका मोठ्या सोसायटीच्या मागच्या फाटकाशी थांबला. तिथे आम्ही तो धरला. मागे गुडघ्याएवढ्या उंचीचे स्टीलचे गोल डबे होते. बाकीचे रिकामे, खरकटे. एक मात्र जड, झाकण तारेने बांधलेलं. आत गोणपाटात गुंडाळलेल्या दारूच्या बाटल्या. पंच बोलावले, पंचनामा केला, मुद्देमाल सील केला, टेम्पो ठाण्यात आणला.

चौकशी ठाण्याच्या आवारात, झाडाखाली झाली. त्या दिवसांत बंद खोलीत कोणी कोणाला बसवत नसे. टेम्पोवाला फुरसुंगीकडचा, चाळिशीचा. मास्क हनुवटीवर.

"मास्क वर घे आधी," मी म्हणालो. "डबा कोणाचा?"

"बाईंचा हाय. पाळणाघरातल्या."

"त्यांचा कसा?"

"त्या आतून भरलेला डबा देत्यात. रस्त्याकडचं दार हाय, तिथनं आत गेलं की उजव्या हाताला मोरी हाय. तिथं ठेवलेला आसतो. म्या उचलून गाडीत ठेवतो. आत काय हाय, मला म्हाईत न्हाय."

पुन्हा विचारलं. तेच उत्तर, त्याच शब्दांत. तिसऱ्यांदा विचारलं, तरी तेच. खरं सांगणारा माणूस प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतो. मधेच त्याला आणखी काही आठवतं. याचं तसं होत नव्हतं. पण पाठ केल्यासारखं वाटणं हा काही पुरावा नव्हे.

तेवढ्यात संस्थेचे व्यवस्थापक आले. इस्त्रीचा शर्ट, हातात सॅनिटायझर, बोलणं अगदी मऊ. "आपल्याला त्रास झाला, दिलगीर आहोत. त्या बाईंबद्दल आमच्याकडेही कुरबुरी होत्या. आपण त्यांना ताब्यात घ्या, आम्ही उद्यापासून ते केंद्र बंद करतो. उगाच संस्थेचं नाव नको."

"मग मुलांचं जेवण?" मी विचारलं.

"कोरडा शिधा देऊ की. शासनाची पद्धतच आहे."

कोरडे तांदूळ ती मुलं खाणार कशी, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. शिजवून द्यायची परवानगी त्यांनीच मागितली होती. जाता जाता ते वळले आणि साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "एक कळलं नाही. नाक्यावरच का नाही अडवलात टेम्पो?"

साहेबांनी ताईंना घेऊन यायला सांगितलं. मी महिला शिपायाला घेऊन गेलो. ताई खिडकीत उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, आत एका लहानग्याचं तोंड पुसत होत्या.

"ताई, ठाण्यात यावं लागेल."

"येते. दुपारच्या ताटल्या घासायच्यात अजून, आणि हा एक झोपायचाय. त्याची आई आली की येते. पळून कुठे जाणार मी, गाड्या तरी आहेत का कुठे?"

आवाज मी ओळखला. पण विचारलं नाही. त्यांनी नाव सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांना ते सांगायचं नव्हतं.

मग मी रस्त्याकडचं दार बघितलं. दोन फळ्यांचं दार. दोन्ही फळ्यांवर मिळून हात धुण्याचं एक मोठं पोस्टर चिकटवलेलं. उन्हाने रंग उडाला होता, पण मधोमध, फळ्या जिथे मिळतात तिथे, कागद कुठेही फाटलेला नव्हता.

"हे दार कधी उघडता?"

"साथ सुरू झाल्यापासून बंद आहे. मीच बंद केलं. बाहेरचं माणूस आत नको. मुलं मागच्या दाराने शेडकडे जातात, तिकडे कुंपण आहे आणि फाटकावर कोणाला सोडत नाहीत. खिचडी इथून, खिडकीतून. तो डबा उघडून पळीने वाढतो, मी ताटल्या बाहेर धरते."

"आणि डबा?"

"डबा कसा येईल आत? गज बघा की."

मी ठाण्यात फोन केला आणि टेम्पोवाल्याला, एका रिकाम्या डब्याला आणि दोन पंचांना तिथेच मागवून घेतलं. टेम्पोवाल्याच्या हातात डबा दिला. "रोज कसा आणतोस, ते दाखव."

तो दारापाशी गेला. पोस्टरकडे बघत थांबला. मग खिडकीकडे आला. डबा गजांना टेकवला. आडवा केला. आतून मुलं बघत होती. त्यांना वाटलं, काहीतरी खेळ चालला आहे. एक मुलगी ओरडली, "अंकल, टेढा करो, टेढा!" सगळी हसायला लागली. ताई त्यांना दटावत होत्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

टेम्पोवाला डबा खाली ठेवून तिथेच उकिडवा बसला.

मी विचार केला तो असा. हा माणूस रोज या खिडकीशी उभा राहून खिचडी वाढत होता. स्वतः खोटं रचलं असतं, तर त्याने खिडकीचं रचलं असतं. ही दाराची आणि मोरीची गोष्ट, साथ सुरू झाल्यापासून जो इथे फिरकलाच नाही, त्याची होती. साथीआधी संस्थेचे जेवणाचे डबे दारातूनच आत जात आणि मोरीपाशी ठेवले जात, असं ताईंनी सांगितलं. ते माहीत असलेला आणि आत्ताचं माहीत नसलेला माणूस कोण?

"हे बोलायला तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

त्याने खिडकीतल्या ताईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्यवस्थापक सायबांनी. धरलं तर आसं सांग म्हनले. न्हाय सांगितलं तर कामावरनं काढतो म्हनले. साहेब, बाईंनी माझ्या पोरालाबी वाढलंय हितं."

बाटल्या स्वयंपाकघरातच डब्यात भरल्या जात होत्या. व्यवस्थापकांना संध्याकाळी अटक झाली. मऊ बोलणं पहिल्या तासाभरातच संपलं.

पण स्वयंपाकघर सील झालं, आणि दुसऱ्या दिवशी खिचडी येणार नव्हती. बंदोबस्ताच्या पोलिसांसाठी काही सोसायट्या जेवणाची पाकिटं पाठवत असत. ती तिकडे न्यावीत, असं मी साहेबांना भीत भीत सुचवलं. साहेब म्हणाले, "आणि आपण? उपास करायचा का?" मग स्वतःच गाडीच्या चालकाला हाक मारून म्हणाले, "आधी पाळणाघर. उरलं तर पोलीस." दुसऱ्या स्वयंपाकघराची परवानगी येईपर्यंत ते तसंच चाललं.

इथे हकिगत संपली असती. पण व्यवस्थापकांनी जबाबात सांगितलं की नाक्यावर पोलिसांना हिस्सा जात होता, म्हणूनच टेम्पो अडवला नाही. माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला: खबर मिळूनही नाकाबंदीत वाहन का सोडले? डायरीत निनावी फोन होता, अट नव्हती. अट मी फक्त साहेबांना तोंडी सांगितली होती. साहेबांनी तसं लिहून दिलं, पण त्यांना तरी ती माझ्याच तोंडून कळलेली. निवृत्ती जवळ आली होती. चौकशी लागली असती तर पेन्शन अडकली असती. मी कच्चा मसुदा पुन्हा पुन्हा लिहायचो आणि फाडायचो.

हिश्श्याबद्दल टेम्पोवाल्यालाही विचारलं गेलं होतं, त्याच्या घरच्यांकडून ताईंना हे कळलं. त्या भर उन्हात चालत ठाण्यात आल्या.

"माझा जबाब घ्या. फोन मी केला होता. खिडकीतून रोज दिसायचं, एक डबा कधी उघडत नाही आणि गाडी हलली की त्यातून काचेचा आवाज येतो. खिचडी उतरल्यावर अडवा, असंही मीच सांगितलं होतं."

मी म्हणालो, "ताई, नाव कागदावर येईल. संस्था तुम्हाला ठेवणार नाही."

"मला कळतं ते. पण तुम्ही माझं ऐकलंत म्हणून पोरं जेवली त्या दिवशी. आता तुम्हीच अडकणार आणि मी खिडकीत बघत उभी राहू?"

त्यांनी सही केली. फोनच्या नोंदी जुळल्या, माझा खुलासा मान्य झाला. थोड्याच दिवसांत संस्थेने ताईंना कळवलं की आपल्या सेवेची आवश्यकता नाही. कारण लिहिलेलं नव्हतं.

या गुन्ह्याने मला शिकवलं ते असं. खोटं बोलणारा माणूस जागा आपण शेवटची पाहिली तशीच धरून बोलतो. जागा बदललेली असते, हे त्याच्या गावी नसतं. म्हणून आरोपीचा जबाब टेबलाशी बसून कितीही वेळा घ्या, एकदा त्याला त्या जागेवर उभं करा. दुसरं असं, की खबर देणाऱ्याने घातलेली अट हाही खबरीचाच भाग असतो. ती डायरीत लिहावी. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगतो, ते ऐकून घेतात.

ताई सध्या कर्वेनगरला दोन घरी स्वयंपाक करतात. बस बदलून जातात. मागे भेटलो तेव्हा म्हणाल्या, "स्वयंपाकाचं काही नाही हो, पण त्या घरांत लहान मूलच नाही." एवढंच. तक्रार म्हणून नाही.

हे मला स्वस्थ बसू देत नाही. मी त्यांच्यासाठी अंगणवाडीच्या कार्यालयात गेलो, तर वयाची अट सांगितली. एका बालवाडीत गेलो, तिथे नंतर या म्हणाले. अर्ज लिहिणं माझं काम नव्हे, शब्द चुकतात, कार्यालयाच्या खिडकीपलीकडची मुलगी माझा कागद वाचताना मला घाम येतो. तरी आणखी तीन ठिकाणांची माहिती काढली आहे आणि तिन्ही ठिकाणी जाणार आहे. नाही मिळालं तर त्यापुढच्या ठिकाणी. ताई, हे आपल्या वाचनात आलं तर एवढंच लक्षात ठेवा: आपल्याला पुन्हा मुलांच्या पंगतीत वाढायला उभं केल्याशिवाय मी गावाकडे परतणार नाही.