नाव वेगळं, गोळी तीच

आमच्या वारज्याच्या सोसायटीत अजूनही समज आहे, की सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानातल्या गोळीने माझी बायको चक्कर येऊन पडली. तो समज मीच पसरवला. खरं काय झालं ते लिहून ठेवतो, मात्र मी असं का केलं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

तिला रक्तदाबाची गोळी रोज एक. डॉक्टरांनी एकदा नवी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "आता हे घ्या, सरकारी दुकानात बरंच स्वस्त पडेल." चिठ्ठीवर भलतंच लांबलचक नाव होतं. मला वाटलं, जोडीला आणखी एक औषध दिलंय.

"अहो, फोन करून विचारा तरी," बायको म्हणाली.

"लिहिलंय ना? मग घ्यायचं."

घरात जुन्या गोळ्यांची पाकिटं शिल्लक होती. ती वाया कशी घालवायची? सकाळी जुनी, रात्री नवी, असं मीच ठरवून दिलं. आठवड्याच्या आतच मंडईत मेथी निवडताना ती खाली बसली ती उठेचना.

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. "औषध एकच आहे. हे कंपनीचं नाव, हे औषधाचं. दुप्पट डोस दिलात तुम्ही."

मग हे इतकं स्वस्त कसं, असं मी विचारलं. सरकारची मदत आहे, जाहिरातीचा खर्च नाही, असं काहीसं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. पाव किमतीत तेच औषध, हे तेव्हा पटलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही पुरतं कळत नाही.

घरी आलो तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. एकट्या राहतात, त्याच दुकानातून तीच गोळी घ्यायच्या. काय झालं म्हणाल्या. माझ्या तोंडून निघालं, "सरकारी गोळी मानवली नाही हिला." बायकोने माझ्याकडे पाहिलं.

वहिनींनी ते दुकान सोडलं. महागडी गोळी परवडेना म्हणून त्या ती दिवसाआड घेऊ लागल्या, हे मला परवा कळलं. जिन्यात कठडा धरून उभ्या होत्या, चेहरा लालबुंद; बायकोने विचारलं तेव्हा सांगितलं. बायको घरात येऊन एवढंच म्हणाली, "आता तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी खाली गेलो. सगळं सांगितलं, जरा उलटसुलटच.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे भाऊजी, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"तेव्हाही असेच ठामपणे बोलला होतात."

मग त्याच म्हणाल्या, "डॉक्टरांच्या तोंडून ऐकते. तुमच्या नको."

आज सकाळी आम्ही तिघं गेलो. त्या दोघी आत, मी बाहेर बाकावर. वहिनी चिठ्ठी घेऊन बायकोसोबत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रोज एक, चुकवायची नाही म्हणाले. ते दुकान अजून तिथेच आहे ना?"

"हो, चौकातून डावीकडे," मी घाईने म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं, भाऊजी. तुमच्या बायकोला विचारतेय."

दोघी पुढे निघाल्या. मी मागून चालत राहिलो. चौकात त्या उजवीकडे वळल्या, आणि दुकान तिकडेच होतं.