वरच्या कोपऱ्यातलं सूत

दत्ताराम मयेकरांना मी फसवलं. मी एकट्याने नाही, पण सुरुवात माझी.

दत्तारामकाका रत्नागिरीच्या बंदराजवळ मासेमारीची जाळी विणायचे. नवं सूत हातात आलं की ते दोन मुठींत धरून कानाशी न्यायचे आणि ताणायचे. आवाज पटला तरच विणायला घ्यायचे. मी बर्फाच्या पेट्या उचलायचं सोडून जाळ्याच्या सामानाचं दुकान टाकलं, तेव्हा मला सुताची पारख त्यांनीच शिकवली. "नायलॉन उन्हात पडलं का मेलं. दिसतं चांगलं, पन आतून मेलेलं असतं, सुरेश," असं म्हणायचे. मी चिडून कोणाशी भांडत असलो तर म्हणत, "सावकाश घे. मासा हसंल तुला."

अठ्ठ्याण्णवचा वर्ल्ड कप टीव्हीवर बघून आमची वरची वाडी आणि त्यांची बंदरवाडी दर दिवाळीत फुटबॉलचा सामना खेळू लागल्या. सामना एका तासाचा, पण टोमणे वर्षभर चालत. दोन्ही गोलांची जाळी मात्र काकाच विणायचे. सामन्याच्या सकाळी ते प्रत्येक जाळ्यावर जोर लावून नारळ फेकत. जाळं टिकलं की तोच नारळ फोडून दोन्ही वाड्यांत वाटायचा, अशी रीत पडली. आमच्या वाडीला सलग तीन वर्षं खोबरं मिळालं, कप कधीच नाही.

चौथ्या वर्षी आमच्या बाजूच्या जाळ्याचा वरचा कोपरा उंदरांनी कुरतडला. काका सूत मागायला दुकानात आले. दर्शनी फळीवर दोन उन्हाळे उन्हात पडलेलं एक बंडल होतं. ते कोणी घेत नव्हतं. तेच मी त्यांच्या हातात दिलं.

"नवंच हाय ना?"

"नवंकोरं."

त्यांनी ते कानाशी नेलं नाही. "तुझ्याकडचं हाय, मग बघायचं काय," म्हणाले आणि गेले.

सकाळी नारळ जाळ्याच्या मधोमध बसला. जाळं टिकलं. कोपऱ्यावर कोणी नारळ फेकत नसतं.

आम्ही एका गोलने पुढे होतो. सामना संपत आला होता. बंदरवाडीच्या एका खेळाडूने चेंडू मारला. आमचा गोलकीपर नंदू झेपावला, चेंडू त्याच्या बोटांना चाटून वरच्या कोपऱ्यात शिरला आणि जाळं फाडून माझ्या पायाशी पडला. चेंडू अडवायला मी गोलमागेच उभा होतो. पंच म्हणून बोलावलेले पी.टी.चे मास्तर लांब होते. त्यांनी विचारलं, "शेठ, चेंडू आतून आला की बाहेरून?"

"बाहेरून," मी म्हणालो.

मास्तरांनी नंदूकडे पाहिलं. नंदू बुटाची नाडी बांधत बसला.

काका धावत आले. कोपरा हातात धरून म्हणाले, "गोल हाय मास्तर. हे बघा, जाळं फाटलंय."

आमचा कॅप्टन हसला. "म्हातारबा, सकाळी नारळ टिकला ना? आत्ता बोटांनी फाडलंत तुम्ही."

सगळी वरची वाडी हसली. काकांच्या जाळ्यावर गावाचा एवढा विश्वास होता की ते फाटलं हे कोणालाच पटेना. मास्तरांनी गोल दिला नाही. काकांनी तुटलेलं सूत कानाशी नेऊन ताणलं. ते तिथेच तुटलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "उन्हातलं दिलंस होय रे?"

मी लाजायला हवं होतं. मी ओरडलो, "हरलात की सुताला नावं ठेवता?"

पुढच्या दिवाळीत काकांनी जाळं विणलं नाही. बंदरवाडीतलीच माणसं त्यांना म्हणत, "काका, फाडायचंच होतं तर कोणाचं लक्ष जायच्या आधी फाडायचं." हे त्यांनी दोन वर्षं ऐकलं आणि मग ते गेले. पोचवायला मी गेलो होतो. मोठ्याने रडलो. लोकांना वाटलं, गुरूसाठी रडतोय.

कप अजून आमच्या वाडीच्या देवळात आहे. नंदू दर दिवाळीत पोरांना तिथे नेऊन सांगतो, त्या दिवशी कसा वाचवला सामना. चेंडूने जाळं फाडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, नंदूने चेंडू बोटांना चाटून आत जाताना अनुभवला. सूत मी दिलं, खोटं मी बोललो, ते मी इथे लिहून दिलं. दत्तारामकाकांनी जाळं फाडलं नव्हतं, हे आता बंदरवाडीत जाऊन त्यांच्या लेकीसमोर नंदूने सांगावं. नाडी किती वेळ बांधणार आहेस, नंदू?