सोपानभाऊचं गाणं आणि आमची तोंडं

किस्से कोणी जमवत नाही. कुत्र्याला गोखरू चिकटतात तसे ते चिकटतात! खडकीच्या फॅक्टरीत सोपानभाऊ, मी आणि नाम्या एकाच खात्यात होतो. सोपानभाऊ गाणी स्वतः बांधतो, स्वतः गातो. मी आणि नाम्या पहिल्या रांगेत बसून बोंबलतो. रिटायर झालो, तरी ही ड्यूटी चालू!

*

विश्रांतवाडीच्या कार्यक्रमात एक आयटीवाला पोरगा सगळा वेळ मोबाईल उंच धरून शूटिंग करत होता. भाऊनं गाणं थांबवलं. "साहेब, मी इथं जिवंत उभा आहे. डबीत काय बघताय?"

मोबाईल खिशात गेला. पुढच्या कडव्याला पहिली शिट्टी त्याचीच!

*

बुधवार पेठेत माईक घ्यायला गेलो. भाऊनं टेस्टिंगला अख्खं गाणं म्हटलं. रस्ता भरला.

दुकानदार म्हणाला, "गर्दी झाली, आता माईक घेणार का?"

"कशाला? बंदच होता की तो!"

*

भाऊची जुनी कॅसेट नाम्याच्या स्वयंपाकघरात भरलीय. मधे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. नातवानं कॉम्प्युटरवर त्या काढल्या. नाम्या भडकला. "गाढवा, डाळ कच्ची ठेवलीस! शिट्ट्या परत घाल!"

*

आणि परवाचं ऐका. भाऊच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर गाता येईल याची खात्री नाही. वहिनींवरचं नवं गाणं त्याआधी रेकॉर्ड करायचं होतं. "भिंतीला काय गाऊ?" म्हणून भाऊनं आम्हाला स्टुडिओत समोर बसवलं. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्या पोरीनं दम दिला, "आजोबा, हूं की चूं करायचं नाही!"

आम्ही तोंडावर हात दाबले. भाऊ पहिलं कडवं गायला, थांबला. पुन्हा गायला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा हेडफोनच काढला.

"हे दोघं गप्प? म्हणजे गाणं भिकार आहे. चला घरी!"

आम्ही माना हलवतोय, हातवारे करतोय, पण तो दाराशी पोचला! पोरगी धावत आत आली. "आजोबा, ओरडा हो! पुढचं मी बघते."

भाऊ परत फिरला अन् गायला. काय गायला राव! शेवटच्या कडव्याला मी तोंड उघडलं, नाम्यानं उघडलं. दोघांच्याही गळ्यातून आवाज फुटेना!

भाऊ आमच्याकडं बघत राहिला. तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून पोरगी किंचाळली, "वन्स मोअर, भाऊ! वन्स मोअर!"