डावा मागचा दिवा

पेट्रोलपंपाच्या मागच्या गल्लीत तिसरा गाळा वायरमनचा. गाळा म्हणजे दहा बाय बाराची खोली. तिच्यात एक बाक, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली वायरची भेंडोळी आणि फिरण्यापेक्षा कुरकुरण्यातच रस असलेला एक पंखा. वायरमनचं त्याच्या अगदी उलट. तो कधी कुरकुरत नसे, आणि कामापलीकडे बोलतही नसे. गल्लीतले लोक म्हणत, जगाचे फ्यूज बदलता बदलता ह्याचा स्वतःचा बदलायचा राहून गेलाय.

हात मात्र सोन्याचा. गाडीच्या पोटातली कुठली वायर कुठे कुरतडली गेलीय हे तो बॉनेट न उघडता सांगे. पण एका कामाला तो ठाम नकार देई, आणि काम तसं किरकोळ होतं.

सिग्नलचे जुने बल्ब काढून तिथे एलईडी बसवायचे म्हटलं तर दहा मिनिटं लागतात. गंमत पुढे होते. जुना बल्ब खादाड आणि एलईडीचं पोट चिमणीचं. तो इतकी कमी वीज खातो, की गाडीला वाटतं एखादा बल्ब मेलाच. आणि सिग्नल दुप्पट घाईने टिकटिकायला लागतो. त्या घाईचा लोकांना वैताग येतो. मग वायरमध्ये एक रेझिस्टर जोडतात. बोटाच्या पेराएवढा सोनेरी तुकडा. तो जुन्या बल्बच्या वाट्याची वीज फुकट खातो आणि नुसता तापत बसतो. गाडी फसते आणि टिकटिक पुन्हा शहाण्यासारखी चालू लागते.

गाडीवाले हेच मागत, आणि वायरमन म्हणे, "एलईडी बसवतो. टिकटिक घाईची राहील. चालत असेल तर ठेवा गाडी." बहुतेकांना चालत नसे. ते दोन गाळे सोडून पलीकडच्या दुकानात जात आणि जाताना ह्याला हेकट म्हणत.

हेकटपणाचा इथे काही संबंध नव्हता. रेझिस्टर त्याने आयुष्यात एकदाच बसवला होता, अकरा वर्षांपूर्वी, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे भाऊजींच्या गाडीत.

भाऊजींची ड्रायव्हिंग स्कूल होती. स्कूल म्हणजे एकच गाडी, तिच्या डाव्या बाजूला जादा ब्रेक, जादा क्लच, आणि त्यांच्यामागे भाऊजी. माणूस बोलघेवडा. "आरसा, सिग्नल, मग चाक," हे ते शिकणाऱ्यांकडून पाढ्यासारखं घोकून घेत. आणि म्हणत, "सिग्नल दिलाय का ते बघायला मान खाली घालू नका, नजर रस्त्यावर ठेवा. टिकटिक कानाला कळते." एके दिवशी ते वायरमनकडे आले आणि म्हणाले, "एलईडी झकास दिसतात रे, पण ही घाईची टिकटिक ऐकून माझी शिकणारी मंडळी बिचकतात. काहीतरी कर." वायरमनने मागच्या दोन्ही वायरींना रेझिस्टर जोडले. भाऊजींनी पाठ थोपटली, चहा पाजला.

ती घाईची टिकटिक म्हणजे गाडीची ओरड असते, हे वायरमनला माहीत नव्हतं असं नाही. एखादा दिवा खरंच गेला, तर चालवणाऱ्याला ते कळायची तेवढी एकच सोय. ती ओरड त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती. एलईडी वर्षानुवर्षं जात नाहीत, असं तेव्हा सगळेच म्हणत, आणि तोही म्हणाला.

सहा महिन्यांनी डावीकडे वळताना मागून आलेला टेम्पो डाव्या अंगाने घुसला आणि भाऊजींच्या दारावर आदळला. भाऊजी जागच्या जागी गेले. स्टिअरिंगच्या चाकावर एकोणीस वर्षांची मुलगी होती, शिकायला लागून बारावा दिवस. तिच्या हनुवटीला आठ टाके पडले. टेम्पोवाला म्हणाला, सिग्नल नव्हता. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, नव्हता. मागच्या स्कूटरवरचे मास्तरही म्हणाले, नव्हता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ती मुलगी एकटीच ओरडत होती, "दिला होता हो मी सिग्नल! वाजत होता ना!" आणि वायरमनची ताई तिच्या अंगावर धावून गेली होती. "गिळलंस माझ्या माणसाला, आणि वर खोटं बोलतेस?"

दुसऱ्या दिवशी गाडीची बॅटरी सोडवायला वायरमनलाच बोलावलं. पोलीस चौकीच्या अंगणात गाडी उभी होती, डावी बाजू चेपलेली, मागचा भाग मात्र धड. आजूबाजूला कुणी नव्हतं. सिग्नलची दांडी अजून डावीकडेच होती. त्याने किल्ली फिरवली. टिकटिक, टिकटिक, अगदी शहाण्यासारखी. तो मागे गेला. डावा दिवा मेलेला. आत पाणी शिरून केव्हाचा करपलेला.

 मुलगी खरं बोलत होती आणि ते तिघेही खरं बोलत होते. मग त्याने एलईडी काढला, रेझिस्टर तोडला, दोन्ही खिशात घातले आणि घरी आला. वस्तू गाळ्यातल्या एका पत्र्याच्या डबीत गेल्या आणि तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

आधी भीती होती पोलिसांची. मग ताईची. तिला मूलबाळ नव्हतं, ती धाकट्या भावाकडेच राहायला आली. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, दोघंच घरात. रोज दुपारी एक वाजता ती चालत गाळ्यावर डबा घेऊन यायची. तो जेवत असताना समोर बसायची, आणि कशावरून तरी विषय त्या मुलीवर यायचा. "कुठे असेल रे ती भवानी? सुखात असेल." वायरमनचा घास तोंडात फिरत राही. त्याने मनाची समजूत घातली होती, की नवरा गेलेल्या बाईचा भाऊही कशाला हिरावून घ्यायचा? समजूत चांगलीच होती. विशेषतः त्याच्या स्वतःच्या सोयीची होती.

मग अकरा वर्षांनी एके दिवशी साडेबाराला एक पांढरी गाडी गाळ्यासमोर थांबली. चालवणारा गृहस्थ उतरला, चारही सिग्नलला एलईडी हवेत म्हणाला. "आणि ते घाईचं टिकटिक नको हं. पलीकडचे म्हणत होते रेझिस्टर टाकतात. त्यांचं आज बंद आहे, म्हणून तुमच्याकडे." वायरमन नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच मागचं दार उघडून त्याची बायको उतरली. पुढची सीट रिकामी असून ती मागे बसून आली होती. तिच्या हनुवटीवर पांढरी रेघ होती.

"ठेवा गाडी," वायरमन म्हणाला.

नवरा बँकेत गेला. ती बाकावर बसली. वायरमनने मागच्या दिव्याचे स्क्रू सोडवायला घेतले, पण स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. 

"तुम्ही नाही चालवत?" त्याने मान न वळवता विचारलं.

"नाही."

"शिकला नाहीत?"

 परक्या माणसाला सांगणं सोपं जातं तसं तिने सांगून टाकलं. "शिकत होते. माझ्या हातून माणूस गेलं. माझे सरच गेले. सिग्नल न देता वळले मी."

"न देता?"

"तेव्हा म्हणायचे, दिला होता. भांडायचे सगळ्यांशी. घरचे म्हणायचे, चूक कबूल कर, मन हलकं होईल. आता वाटतं, नसेलच दिला. एवढी माणसं कशाला खोटं बोलतील? माझ्याच कानाला भास झाला असेल." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "तेव्हापासून कशाचीच खात्री वाटत नाही बघा. गॅस बंद केलाय की नाही, ते चार-चारदा बघते. शाळेत नोकरी लागली होती, ती सोडली. हजेरी घेताना वाटायचं, ह्या मुलाने ओ दिली, की मला नुसतं ऐकू आलं?"

वायरमनला एवढी वर्षं वाटत होतं, की आपण तिच्यावर फार तर एक आळ येऊ दिला; आळ काय, माणसं विसरतात. आपण हिचे कानच काढून घेतले, हे त्याला तेव्हा कळलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

घड्याळात एकला दहा कमी होते. ह्या बाईला काहीतरी कारण काढून वाटेला लावायला एवढा वेळ पुरे होता. पण त्याने पत्र्याची डबी खाली काढली. करपलेला एलईडी मागच्या डाव्या होल्डरमध्ये बसवला. तोच सोनेरी रेझिस्टर चिमट्यांनी वायरला जोडला.  मग तो नुसता उभा राहिला, एक वाजायची वाट बघत.

एकला ताई कोपऱ्यावर दिसली, तेव्हा तो बाकाकडे वळला. "पुढे बसा जरा. चाकावर."

"मी? नको."

"गाडी चालवायची नाहीये. किल्ली फिरवायची आणि डावा सिग्नल द्यायचा. मला मागे बघायचंय."

ती नाखुशीने बसली. ओढणी सारखी केली, चाकाला हात न लावता लपवावेत तसे दोन्ही हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात ताई पोहोचली.

"धाकट्या, गार होतोय डबा. हातातलं टाक आधी."

"ताई, एक मिनिट. गाडीच्या मागे उभी राहा. हा डावा दिवा लागतोय का, तेवढं सांग."

"आता मी कामाला का तुझ्या?" म्हणत ती डब्यासकट मागे जाऊन उभी राहिली. तिथून तिला आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं.

वायरमन दोघींच्या मधोमध, दाराशी थांबला. "द्या सिग्नल."

आत टिकटिक सुरू झाली.

"ताई, लागला?"

"नाही रे. बंद आहे."

"नीट बघ."

"अरे डोळे आहेत मला! सिग्नल नाहीये."

आतून ती बाई एकदम ओरडली, "असं कसं? दिलाय हो मी सिग्नल! वाजतोय ना!"

 ताई तो आवाज अकरा वर्षांत एक दिवसही विसरली नव्हती. ती गाडीला धरून धरून पुढे आली आणि खिडकीपाशी थांबली. आतली बाई तिच्याकडे बघून पांढरीफटक पडली आणि दार उघडून उतरायला लागली.

"बसा," वायरमन म्हणाला. "दोघींनी ऐका." आणि त्याने सांगितलं. टिकटिक, दिवा, रेझिस्टर, अंगण, खिसा, डबी. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"कुणी बसवला होता तो?" ताईने विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"मीच."

"आणि काढला?"

"मीच."

ताईने हातातला डबा बाकावर ठेवला. रडणार, हात उगारणार असं वायरमनला वाटत होतं; त्यातलं तिने काही केलं नाही. "अकरा वर्षं माझ्या हातचं जेवलास," एवढंच म्हणाली. "रोज माझ्यासमोर बसून जेवलास."



ताई वळसा घालून गाडीच्या डाव्या बाजूला गेली. दार उघडून तिथे बसली, भाऊजी बसायचे त्या जागी. चाकावरच्या बाईने रडत रडत सिग्नलची दांडी सरळ केली होती. टिकटिक थांबली होती.

"पुन्हा लाव," ताई म्हणाली.

"काकू…"

"तू दिला होतास ना? मग लाव. त्यांनी शेवटी काय ऐकलं ते मला ऐकू दे."

टिकटिक पुन्हा सुरू झाली. दोघी समोर बघत ऐकत बसल्या. थोड्या वेळाने ताईने काच वर केली, आणि वायरमन गाडीच्या मागे जाऊन मेलेल्या दिव्यासमोर उभा राहिला. तिथे काहीच ऐकू येत नव्हतं.