दार लावून ऐकलेलं गाणं

शुक्रवारच्या सुट्टीच्या दुपारी, आखातातल्या या महबूला गावातल्या आमच्या घरात वेलदोड्याचा वास, एसीची घरघर आणि पडद्यातून गाळून आलेला पिवळट उजेड एवढंच असतं. बाहेर धुळीने समुद्र पुसून टाकलेला असतो. अशाच एका दुपारची आठवण आली की अजूनही माझे कान गरम होतात.

आमची एक बैठक आहे. पाच-सहा मराठी घरं, कुणी बँकेतलं, कुणी आयटीतलं. महिन्यातल्या एका शुक्रवारी माझ्याकडे जमतात आणि मी त्यांना गाणं ऐकवतो. ऐकवतो म्हणजे आधी बोलतो, मग ऐकवतो. गाण्यातलं मला कळतं असा इथे माझा लौकिक आहे, आणि खरं सांगायचं तर तो मीच हळूहळू, चहाच्या कपांबरोबर वाटत आणला आहे. नियम एकच: गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, बरोबरीने गुणगुणायचं तर मुळीच नाही. मान हलवावी, फार तर मांडीवर बोटाने ठेका धरावा; लहानपणापासून मैफिलीत बसायला मी असाच शिकलो.

त्या महिन्यात मी कॅरिबियन बेटांवरची लोकगीतं निवडली होती. गूढ म्हणून त्या संगीताची मोठी ख्याती. त्यातून पूर्वज बोलतात, ऐकणारा देहभान हरपतो, असं बरंच काही मी वाचलं होतं. माझ्याकडचं जुनं ध्वनिमुद्रण तर विलक्षणच होतं. एक थकलेला पुरुषी आवाज लाकडावर बोटं वाजवत एक ओळ म्हणतो आणि थांबतो. ठेका तेवढा चालू राहतो. मग पुन्हा ओळ, पुन्हा ते थांबणं. त्या शांततेवर मी भाळलो होतो. शब्दांपलीकडचं जे काही असतं ते या रिकाम्या जागांत आहे, असं मी मंडळींना सांगितलं, आणि चांगलं अर्धा तास सांगितलं.

माझ्या ऑफिसातली मार्लीन त्याच बेटांपैकी एकावरची. कुठलं गाणं लावणार ते सांगून मी तिला मुद्दाम बोलावलं होतं. कशाला लपवू, मिरवायलाच बोलावलं होतं. ती आली, चपला काढून सतरंजीवर बसली. पहिली ओळ संपली, शांतता आली, आणि त्या शांततेत मार्लीन डोळे मिटून, जाड, खरखरीत आवाजात गाऊ लागली. मी हात वर केला, मग बोट ओठांवर ठेवलं. ती थबकली. "सॉरी," म्हणाली. पुढच्या शांततेत तिचे नुसतेच ओठ हलले, आणि त्यानंतर ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे माझी बायको वैशाली साबुदाणावडे तळत होती. थोड्या वेळाने आतून गुणगुणणं ऐकू येऊ लागलं, तेव्हा मी, घरचा यजमान, उठलो आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मंडळींनी समजूतदारपणे माना हलवल्या.

सगळे गेल्यावर वैशाली कढई घासत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, तिची आई गेलीय मागच्या आठवड्यात. रजा मिळाली नाही तिला."

"मला काही बोलली नाही ती."

"तुम्ही बोलू दिलंत?"

मग तिनेच सांगितलं. मार्लीनच्या गावी माणूस गेलं की शेजारीपाजारी नऊ दिवस जमून हे गाणं म्हणतात. एकाने ओळ म्हणायची आणि जमलेल्यांनी तिला उत्तर द्यायचं. तो थांबतो ते त्यासाठी. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने त्या म्हाताऱ्याला एकट्यालाच यंत्रासमोर बसवलं असावं. आज नववा दिवस होता. आईसाठी एकदा तरी उत्तर द्यावं म्हणून मार्लीन आमच्याकडे आली होती. "एकटीने कसं म्हणणार, म्हणून मला शिकवलं तिने," वैशाली म्हणाली. "तुम्ही दार लावलंत, ते बरंच झालं. मोकळं रडता तरी आलं तिला."

रविवारी ऑफिसात मी मार्लीनच्या टेबलाशी गेलो. माफीची वाक्यं मनाशी घोळवून नेली होती. ती हसून म्हणाली, "तुझी बायको फार छान गाते." मी "हो" म्हणालो आणि परत आलो. इतका शरमिंदा मी जन्मात झालो नव्हतो.

परवा एकटाच बसून ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. म्हाताऱ्याने ओळ म्हटली आणि तो थांबला. इतकी वर्षं तो असाच थांबतो आहे, आणि मी त्या थांबण्याला दाद देत आलो. आतून, भांडी विसळता विसळता, वैशालीने सहज उत्तर दिलं. पुढच्या ओळीनंतर मीही तोंड उघडलं. पण मला शब्दच ठाऊक नव्हते.

बैठकीतली मंडळी अजून विचारतात, ते संगीत खरंच ख्यातीइतकं गूढ आहे का हो? मी वैशालीला विचारा म्हणतो. ते ऐकलं तिने. मी दाराच्या अलीकडे होतो.