तीन दिवस वळवलेले टेम्पो

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाला हसून बोलला की माझं लक्ष त्याच्या तराजूकडे जातं. नवरा मला सीआयडी म्हणायचा. त्यामुळे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाकडं टाकून एक माणूस वही घेऊन बसला, तेव्हा सगळ्यात आधी माझंच डोकं फिरलं यात नवल नाही.

आम्ही लिंबायतला राहायचो. प्लेगची पळापळ होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. सुरतेत तेव्हा जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते. लूम, म्हणजे यंत्रमाग, वाढले होते, खानदेशातून रोज नवी गाठोडी उतरत होती, आणि आमच्या गल्लीत कापडाच्या ताक्यांचे टेम्पो, हातगाड्या, शटल रिक्षा आणि सायकली सकाळपासून एकमेकांत अडकून पडायच्या. समोरच्या घरी हळद मागायला जायचं तरी दहा मिनिटं दारात उभं राहावं लागे. रस्ता रुंद व्हायला हवा, हे मलाही कळत होतं. पण तो रुंद होऊन शिरणार कुठं? माझ्या पुढच्या खोलीतच ना! त्या खोलीत बसून मी साड्यांना टिकल्या लावायची. ती गेली की मागं फक्त चूल आणि मोरी उरत होती.

मी पाण्याचा तांब्या घेऊन त्या माणसाकडे गेले. पाण्याचं निमित्त, बघायची होती वही. वहीत वर सायकल, रिक्षा, टेम्पो अशी नावं आणि खाली रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी.

"काय लिखी ऱ्हायना, भाऊ?" मी आमच्या खानदेशी बोलीत विचारलं.

"गाडीओ गणुं छुं, बेन. त्रण दिवस."

गाड्या मोजायचा कुणी पगार देतं का? मला काय दूधखुळी समजला? मी घरी आले आणि डोकं लावलं. जिथं गाड्या जास्त, तिथं महापालिका रस्ता रुंद करणार. जिथं कमी, तिथं कशाला कोण हात लावतंय? म्हणजे तीन दिवस आपल्या गल्लीत गाड्याच येऊ द्यायच्या नाहीत. झालं!

नवरा ताक्यांचा टेम्पो चालवायचा. गल्लीतून जाणारे निम्मे टेम्पोवाले आमच्याच बाजूचे, त्याच्याबरोबर चहा पिणारे. मी त्याला म्हटलं, सगळ्यांना सांग, तीन दिवस मागच्या गल्लीनं जा.

तो म्हणाला, "ताईंच्या दारावरून? त्यांची खानावळ आहे तिथं."

"तीन दिवसांत काय तिचं घर वाहून जाणार आहे?"

हे माझेच शब्द.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. मागच्या गल्लीत तिचं घर, आणि पुढच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या लूम कामगारांची खानावळ. माझ्या अगदी उलट स्वभाव. कुणी दारात उभं राहिलं की ती आधी पाट मांडणार, मग नाव विचारणार.

पहिल्या दिवशी आमची गल्ली अशी मोकळी झाली की पोरांनी भर दुपारी क्रिकेट मांडलं. वहीवाला जांभया देत होता. मी दारात बसून टिकल्या लावत होते आणि गालात हसत होते. कसा फसवला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "काय गं बाई, आमच्याकडं एवढे टेम्पो कुठून आले? धूळ थेट भाजीत पडतेय. आणि एक बिचारा वही घेऊन बसलाय उन्हात. मी ओट्यावर बसवलं त्याला. दोन्ही वेळ जेवूही घालते."

दुसराही वहीवाला आहे, हे मला कुठं ठाऊक होतं?

"तो काय लिहितो, विचारलंस का?"

"लिहीना का! त्याचं काम आहे ते."

तेव्हा अजून एक दिवस शिल्लक होता. नवऱ्याला सांगितलं असतं, उद्या गाड्या परत आपल्याकडून ने, तर त्यानं आनंदानं नेल्या असत्या. मी तोंड उघडलं नाही. माझी खोली मला डोळ्यांसमोर दिसत होती, बस. ताईला मी म्हटलं, जाऊ दे, दोन दिवसांची धूळ आहे.

पाचेक महिन्यांनी मागच्या गल्लीत भिंतींवर पाडापाडीच्या लाल रेघा उमटल्या. ताईची रेघ पुढच्या खोलीच्या पार मागं, चुलीच्या वर होती. आमच्या गल्लीकडे कुणी फिरकलंच नाही. नवरा म्हणायचा, नकाशा आधीच ठरला असणार, त्या वहीनं काय होतंय? असेल. नसेलही. मी कुणाला विचारायला गेले नाही, आणि ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांच्या वह्या तपासल्या, तिनं एवढंच तपासू नये, याची मला लाज वाटते.

ताई पार शहराच्या टोकाला, भेस्तानला गेली, एका खोलीत. तिच्या जेवणासाठी लूमवाले तेवढ्या लांब कशाला जातील? खानावळ बंद पडली. ती एका कारखान्यात साड्यांचे धागे कापायला जाऊ लागली. वर्षभर मी तिच्याकडे गेले नाही. कधी काम, कधी ताप, कारणं काय कमी असतात?

शेवटी गेले ते सांगून टाकायचंच ठरवून. तिनं शेवभाजी केली होती. मी म्हटलं, "ताई, ते गाड्या मोजायचे दिवस आठवतात का?"

"आठवतात तर! तुझा माणूस रोज दहा खेपा माझ्या दारावरून करायचा. त्याचा हॉर्न मी ओळखणार नाही का? त्या मोजणाऱ्याला मी सांगायची, हा घरचा आहे, ह्याची रेघ मारू नको." ती हसली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "माले वाटनं, तूच धाडी ऱ्हायनी त्याले, मनी खबर लेवाले."

मी, आणि तिची विचारपूस करायला नवऱ्याला पाठवणार! मला ठसका लागला. तिनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, हळू खा गं, कुणी मागं लागलंय का? मी ताटातली शेवभाजी संपवली, सांगायचं ते तसंच राहिलं.

निघताना तिनं माझ्या नवऱ्यासाठी डबा बांधून दिला. रिक्षा त्या नव्या रुंद रस्त्यानं आली आणि अडकली. पुढं टेम्पो, मागं टेम्पो, सगळे हॉर्न वाजवत होते. बाहेर पाहिलं तर आम्ही बरोबर ताईच्या घराच्या जागी उभे होतो. डबा मांडीवर होता, अजून गरम.