म्हसावदच्या वळणावर अडकलेला डबा

इद्रिसने एखाद्या गोष्टीची स्तुती केली, तर त्याला ताप आलाय असं खुशाल समजावं. आमच्या म्हसावदच्या चौकात त्याचं वेल्डिंगचं दुकान. उसाच्या ट्रॉल्या बनवायच्या आणि मोडलेल्या सांधायच्या, हा धंदा. तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांना त्याचा हात लागलाय आणि उरलेल्या निम्म्यांना त्याने नावं ठेवली आहेत. दुसऱ्याचं काम दिसलं की मालकाच्या तोंडावर विचारायचा, "हाई वेल्डिंग शे का शेण थापेल शे?" गिऱ्हाईक चिडायचं, पुन्हा त्याच्याकडेच यायचं. कारण त्याने सांधलेली ट्रॉली भर हंगामात रस्त्यावर बसली, असं कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच जागी त्याच्या वडिलांचा भाता होता. ते बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, तेव्हा इद्रिसने लोखंडी खांब उभे करून वर पत्र्याची शेड घातली. गावात नावं न ठेवता तो ज्या कामाकडे बघायचा, ते हे एकच.

त्याची बायको जाहेदा नवापूरची. माहेरी जायचं तर एसटीने नंदुरबार आणि तिथून जुनी पॅसेंजर. त्या गाडीची दशा काय वर्णावी! खिडकीची झडप खाली केली तर वर जायची नाही, वर केली तर मानेवर पडायची. पंखा कंगव्याने ढोसल्याशिवाय फिरायचा नाही. नळाला पाणी नाही, संडासाचं दार तारेने बांधलेलं. नवापूर येईपर्यंत इद्रिसचं तोंड चालू असायचं. "कापी टाका हाई भंगार," असं तो सगळ्या डब्याला ऐकवायचा. जाहेदा पदर डोळ्यांवर ओढून झोपेचं सोंग घ्यायची.

मग एकदाची नवी गाडी आली. चकचकीत, रुंद दारांची, पुढचं स्टेशन आपल्या तोंडाने सांगणारी. इद्रिस पहिल्यांदा तीत चढला तो खोट काढायच्याच तयारीने. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत भिंतीवर बोट फिरवत गेला. कुठे सांधा हाताला लागेना. परत आल्यावर जाहेदाने सगळ्या गल्लीला सांगितलं, "आज यास्ले काहीच सापडनं नही!" पुढे बरेच दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं.

जुने डबे मोडीत निघाले. त्यातला एक आमच्या शाळेच्या धर्मेंद्र सरांनी खटपट करून वाचनालयासाठी मिळवला. आमच्या भागात रूळ नाहीत. मुलांना पुस्तकं रेल्वेत बसून वाचता यावीत, हे सरांचं जुनं वेड. चाकं काढून डबा लांब ट्रेलरवरून आणायचा ठरला. प्रश्न एकच होता, आमच्या चौकातल्या वळणावर तो फिरेल का? सरांनी इद्रिसला विचारलं.

इथे आमच्या मुलखाची एक खोड सांगायला हवी. साखर कारखान्यामुळे आम्हाला सगळं उसाच्या ट्रॉलीत मोजायची सवय. घर दोन ट्रॉलीचं, मांडव चार ट्रॉलीचा. इद्रिस म्हणाला, "ट्रॅक्टर आनि त्याना मांगे दोन ट्रॉल्या, तेवढाच लांब डबा व्हई. त्या रोज आठेच फिरतस. डबाबी फिरी. मन्ही जबान शे." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये हुक असतो, गाडी तिथे वाकते आणि म्हणून वळते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. डब्याला कुठे कंबर असते?

डबा आला तो दिवस मी विसरणार नाही. आधी पपईच्या बागांवरून निळं छप्पर सरकताना दिसलं. खाली रस्ता दिसत नव्हता, आवाज येत नव्हता, नुसतं छप्पर चाललेलं. बायका हातातली कामं टाकून बाहेर आल्या. म्हाताऱ्या झिपरूबाबांनी आयुष्यात रेल्वेत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी ट्रेलरच्या बाजूने हळूहळू चालत डब्याची एकेक खिडकी पाहिली आणि शेवटी हात जोडले. कुणी हसलं नाही. आमच्या रोजच्या रस्त्यावर ती एवढी मोठी वस्तू बघून माझ्याही अंगावर काटा आला होता.

आणि चौकात डबा अडकला. तोंड वळलं, शेपूट वळेना. एका अंगाला गावाची पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला इद्रिसची शेड, आणि मागे उसाने भरलेले ट्रॅक्टर रांगेत भोंगे वाजवत उभे. मागे जायलाही वाट उरली नाही. ट्रेलरचा ड्रायव्हर हातावर हात चोळत म्हणाला, "मी थांबू शकत नाही. डबा इथेच उतरवा, नाहीतर कापा."

लोकांनी लगेच निकाल लावला. मधोमध कापायचा, दोन तुकडे न्यायचे, शाळेत पुन्हा जोडायचा. "इद्रिसभाई, तुमीच कापा, तुमीच सांधा." धर्मेंद्र सरांचा चेहरा उतरला. "कापल्यावर तो डबा राहील का हो?" एवढंच ते म्हणाले. इद्रिसची मान खाली गेली होती. जबान त्याची होती. तो खडू आणि खरवडणी घेऊन, कुठे कापायचं त्याची खूण करायला डब्यात चढला. मीही मागोमाग गेलो.

मधल्या खिडकीखाली त्याने रंग खरवडला. निळ्याखाली दुसरा निळा निघाला, त्याखाली विटकरी, त्याखाली आणखी कुठला तरी, नाव न सांगता येणारा. त्याखाली लोखंड, आणि लोखंडावर ठिगळ. ठिगळाच्या कडेने सांध्याची बारीक, सरळ ओळ गेलेली, आईने गोधडीला घातलेल्या टाक्यांसारखी. इद्रिसने थोडं पुढे खरवडलं. तिथे दुसरं ठिगळ, दुसऱ्या कुणाच्या हातचं. बाकाखाली वाकून पाहिलं तर तिथेही. ज्या कोपऱ्याकडे कधी कुणी बघणार नाही, तिथेही ओळ तितकीच नेटकी. किती जणांनी, कुठल्या कुठल्या शेडमध्ये, किती उन्हाळ्यात वाकून हा डबा पुन्हा पुन्हा उभा केला होता कोण जाणे. आम्ही त्यात बसून शिव्या देत होतो, आणि तो चालत होता.

इद्रिस जमिनीवर बसूनच राहिला. "देखं का?" तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "कोन लोके व्हतात रे ह्या?"  मला वेल्डिंगमधलं कळत नाही, पण माझेही डोळे भरून आले. बाहेर भोंगे चालूच होते. त्याने खडू खिशात टाकला.

खाली उतरून त्याने गॅस कटर पेटवला. लोक मागे सरले. सर दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. इद्रिस डब्याकडे गेला, डब्याला वळसा घातला, आणि आपल्या शेडच्या रस्त्याकडच्या खांबाशी जाऊन बसला. ज्योतीची निळी जीभ खांबाला लागली तरी काय चाललंय ते कुणाला समजलं नाही. समजलं ते जाहेदाला. ती घरातून धावत आली.

"डोकं फिरनं का तुमनं? जित्ताजागता धंदा कापी ऱ्हायनात!"

"शेड परत उभी करसू," इद्रिस मान वर न करता म्हणाला. "हाऊ डबा परत असा उभा करनं मन्हाकडथून जनमभर जमाव नही."

दुसऱ्याच्या कामाला त्याने मोठं म्हटलेलं जाहेदाने आजवर ऐकलं नव्हतं.  मग तिने पदर खोचला, छपराच्या सुटलेल्या पत्र्याचं एक टोक धरलं आणि आमच्यावर ओरडली, "देखी काय ऱ्हायनात? दुसरं टोक धरा तथाइन!"

मग काय, सगळं गाव पत्र्यांना भिडलं. खांब आडवे झाले, हत्यारं टाकीखाली नेऊन ठेवली, आणि जिथे इद्रिसची ऐरण होती तिथून ट्रेलरची मागची चाकं फिरली. डबा हलला. भोंगे थांबले. इद्रिस उघड्या पडलेल्या आपल्या जागेच्या कडेला उभा होता. डबा इतका जवळून चालला होता की त्याने हात पुढे केला आणि तळवा भिंतीवर टेकवला. खिडकीमागून खिडकी त्याच्या हाताखालून सरकत गेली. डबा वळणापलीकडे पोचला, लोक ओरडत त्याच्या मागे पळाले, आणि इद्रिस तिथेच उभा होता, हात अजून तसाच पुढे धरून.